रॉयस कॉडिलचे तीन आकडे

"मी माणूस मारला की नाही, एवढंच मला सांगा," नेडीन स्लोन म्हणाली. पुढ्यातल्या कॉफीला तिनं हातही लावला नव्हता.

सकाळचे दहा वाजले होते, तरी बाहेरच्या धुक्यामुळे ओपल स्टिडमच्या खोलीत दिवा लावावा लागला होता. केंटकीच्या त्या डोंगराळ भागात ओपल खासगी तपासाची कामं घेई. लूथर तिचा जोडीदार, निवृत्त हवालदार. गाडी त्यानं चालवायची आणि डोकं तिनं, असं गाव म्हणे. लूथरला ते मनातून झोंबायचं.

नेडीन सदुसष्ट वर्षांची विधवा होती. पाद्रीबाबांच्या हमीवर शेरीफनं तिला घरी सोडलं होतं. उद्या जज्ज येणार आणि तिची रवानगी तुरुंगात होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"सुरुवातीपासून सांग," ओपल म्हणाली.

"नवरा गेल्यापासून एकटी राहते, वर डोंगरात. पोरी मागे लागल्या, जवळ काहीतरी ठेव म्हणून. मंगळवारी दुपारी रॉयस कॉडिलच्या दुकानात गेले. आमचं बांधावरून जुनं भांडण होतं, पण पहिलं पिस्तूल घ्यायचं तर माणूस त्याच्याकडेच जातो."

लूथरनं मान हलवली. तीस वर्षं रॉयस नवख्यांना हत्यार निवडून देत होता. लूथरचं पहिलंही त्यानंच निवडलं होतं.

"माझी बोटं ही अशी वाकडी. त्यानं जड पिस्तुलं बाजूला सारली आणि एक लहान रिव्हॉल्वर काढलं. उघडून दाखवलं. गोळ्यांची पाचही घरं रिकामी. मला बोट घालून बघायला लावलं. मग म्हणाला, डोळे मिटा, मिस नेडीन. मी तीन म्हटलं की चाप ओढा. आवाज होईल, पण मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत."

"फळीचा आवाज," लूथर म्हणाला. "पलीकडच्या खोलीत त्याचा जावई क्लेट तीनच्या ठोक्याला फळी आपटतो. नवख्याचा हात दचकतो, त्याची सवय मोडायला."

"तीन ऐकलं, चाप ओढला. केवढा तो आवाज!"

"हाताला झटका बसला?"

"मी कोपरापर्यंत थरथरत होते गं. काय सांगू?" नेडीनचा आवाज खाली आला. "मग तो पुन्हा मोजायला लागला. अगदी हळू, जमिनीतून आल्यासारखं. एक... दोन... तीन. मी पुन्हा ओढला. नुसतं खट् झालं. मग काहीच नाही. मी तशीच उभी. बुटात काहीतरी कोमट शिरलं. क्लेटनं हातातलं रिव्हॉल्वर काढून घेतलं, तेव्हा डोळे उघडले. रॉयस माझ्या पायाशी पडला होता."

लूथरनं नकळत पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"शेरीफ म्हणतो, गोळी लागलेला माणूस मोजत नसतो," नेडीन म्हणाली. "मला भ्रम झालाय म्हणतो. काडतूस मीच घरून आणून आत सरकवलं, म्हणतो."

दुपारी शेरीफनं दुकान उघडून दिलं. भिंतीवरची हरणांची मुंडकी काचेच्या डोळ्यांनी खाली बघत होती. फरशीवरचा डाग कुणीतरी घासला होता, पण तो गेला नव्हता. खोलीच्या एका बाजूला फळ्यांची आडभिंत होती आणि तिच्यात मुठीएवढी फट. लूथरला तिथं उभं राहवेना. रॉयस कुठल्याही क्षणी 'एक' म्हणेल, असं त्याला सारखं वाटत होतं.

दुकानातली कारकून आयरीन पुढच्या खोलीत, दाराजवळच्या टेबलाशी बसे. दुकानाची कागदपत्रं तिच्याकडे. रडून तिचे डोळे सुजले होते.

"किती आवाज ऐकलेस?" ओपलनं विचारलं.

"मोठा एकच. मला वाटलं फळी. मग जरा वेळानं कुजबुज आणि खट्. म्हटलं, रॉयसनं दुसरी फेरी घेतली."

"शेरीफला सांगितलंस?"

"त्यांनी मोठ्या आवाजाचंच विचारलं, मॅडम. आणि गोळीनंतर कोण कुजबुजणार? मीच मला वेड्यात काढलं."

क्लेट खांद्यानं रुंद, बोलायला गोड. "म्हातारी बिचारी," तो म्हणाला. "मी फळी आपटली, तिची गोळीही त्याच क्षणी सुटली. आत आलो, रिव्हॉल्वर घेतलं आणि काउंटरवर ठेवलं. ना उघडलं, ना चापाला हात लावला. शेरीफनीच येऊन उघडलं."

"खरंय," शेरीफ वही चाळत म्हणाला. "एकच झाडलेली पुंगळी, चाप ओढल्यावर आपटतो त्या घोड्याच्या बरोबर खाली. बाकी चार घरं रिकामी. नळीत काजळी. गोळी म्हाताऱ्याच्या कुशीतून आरपार जाऊन भिंतीच्या दगडावर चपटी झाली. आणखी काय हवं?"

"या बनावटीची रिव्हॉल्वरं दुकानात किती?"

"दोन," आयरीन म्हणाली. "दुसरं कपाटात आहे."

ओपलनं ते मागवलं, उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि लूथरच्या हातात दिलं. एका घरावर तिनं खडूची खूण केली होती. "चाप ओढ."

चक्री एक घर सरकली, घोडा खूण केलेल्या घरावर पडला.

"नेडीननं पहिल्यांदा ओढला, तो हा. गोळी सुटली असेल तर पुंगळी इथं. आता पुन्हा ओढ."

खट्. खूण बाजूला सरकली. घोड्याखाली दुसरंच घर आलं.

लूथर आधी रिव्हॉल्वरकडे बघत राहिला, मग शेरीफच्या वहीकडे. एवढी वर्षं कमरेला हेच बाळगून त्याला ते सुचलं नव्हतं.

"चाप दोनदा ओढला गेला," ओपल म्हणाली. "दुसऱ्या वेळचं खट् नेडीन आणि आयरीन दोघींनी ऐकलं, वेगवेगळ्या जागी असून. तरी पुंगळी घोड्याखाली? तर मग शेरीफनी उघडलेलं रिव्हॉल्वर एकदाच झाडलेलं आहे. ते नेडीनच्या हातातलं नव्हेच. तिचं हे, कपाटातलं. तिच्या हातातून ते घेतलं एकाच माणसानं. आडभिंतीपलीकडे फटीशी होता तोही एकटाच. तीनचा ठोका त्याला पाठ होता, आणि मोठा आवाज एकच झाला. त्या दिवशी फळी आपटलीच गेली नाही, क्लेट. तू फटीतून रॉयसवर गोळी झाडलीस आणि आत येऊन रिव्हॉल्वरं बदललीस. वळसा घालून येईपर्यंत त्यानं पुन्हा मोजलं, ते तुला कळलंच नाही."

"मी कशाला मारीन त्याला?"

"येत्या रविवारी तो दुकान माझ्या हाती देणार होता," आयरीन हळूच म्हणाली. "तुला सोमवारीच सांगितलं होतं त्यानं."

क्लेटचा गोडवा पार उतरला. "पोटात गोळी घेऊन मोजतं का कुणी!" तो ओरडला. "मरताना तरी गप्प पडायचं!"

शेरीफनं त्याचा दंड धरला.

नेडीन आपल्या ओसरीवर वाट बघत बसली होती. लूथरनं तिला सगळं सांगितलं. ती सुटली होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पोटभर रडली. मग एकदम थांबली.

"म्हणजे तो जिवंत होता," ती म्हणाली. "माझ्या पायाशी. मी डोळे उघडले असते, कुणाला हाक मारली असती, तर वाचला असता का गं?"

ओपल तिच्या शेजारी ओसरीवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं मी. कुणालाच काही करता आलं नसतं."

दिवसभर ओपल लूथरच्या गाडीत होती. डॉक्टरांच्या दाराशी ती गाडी एकदाही थांबली नव्हती.

नेडीननं लूथरकडे पाहिलं. "खरंच विचारलं का रे तिनं?"

"मीच घेऊन गेलो होतो," लूथर म्हणाला.