घडी मोडली

"बूट!" मी ओरडले.

हवाई छत्र्यांच्या घड्या घालायच्या खोलीत बूट घालून यायचं नाही, असं दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय. तरी हा छत्रीधारी सैनिक तरातरा आत आला होता. थबकला, बूट काढले... आणि फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावला. मला हसू आवरेना.

"कालच्या छत्रीची घडी तुम्हीच घातलीत ना? तक्रार आहे."

माझं हसू पळालं. "उघडली नाही?"

"मग इथं कसा असतो? उघडली—पण इतकी अलगद, की खाली यावंसंच वाटेना."

"मग राहायचं वरच!"

"तुम्ही खाली आहात ना..."

असा आगाऊ! प्रत्येक छत्रीच्या खिशात घडी घालणारीच्या सहीची चिठ्ठी असते. उडीनंतर ती परत येते. बाकीचे खाली नुसती सही करायचे. हा लिहायचा, 'घडी मोडली. सुखरूप.' जसा काही नवा सदराच घातलाय! मीही काही कमी नव्हते. प्रत्येक छत्री दोनदा तपासायची असा नियम. त्याची मी तीनदा तपासायचे.

एकोणिसाव्या चिठ्ठीवर आलं, 'आता तुम्ही-तुम्ही पुरे. लग्न करशील माझ्याशी?'

मी उत्तर लांबवलं. भाव खायचा होता, दुसरं काय! तेवढ्यात युद्ध पेटलं. तो निघाला, तेव्हा छत्री मीच हातात दिली.

"उत्तर चिठ्ठीत आहे. उतरल्यावरच वाचायचं."

"आणि 'नाही' असलं तर?"

"आधी ते मोजे बदल," मी म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर रडूच फुटलं असतं.

तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी एक पूल राखताना त्याला गोळी लागली. रडून रडून डोळे सुजले, पण त्यातही एकच टोचत राहिलं—माझं 'हो' वाचलं का त्यानं?

महिन्याभरानं त्याचा जोडीदार आला. दारातच बूट काढून उभा राहिला.

"वहिनी..." तो म्हणाला.

त्या एका शब्दात मला सगळं कळलं.

"उतरल्या उतरल्या वाचली त्यानं. भर रानात नाचला हो वेडा! तेव्हापासून आमच्या अख्ख्या तुकडीच्या तुम्ही वहिनी."

त्यानं चिठ्ठी पुढे केली. माझ्या 'हो'खाली तेच गिचमिड अक्षर होतं—'घडी मोडली. सुखरूप. नवे मोजे घेतो.'

मी रडता रडता मोठ्यानं हसले.

आता मी नव्या मुलींना घडी घालायला शिकवते. अजूनही कुणीतरी बुटांसकट आत घुसतोच. मी ओरडते, "बूट!"—आणि आधी त्याचे मोजे बघते.