जेरीकॅनमधलं पाणी

“परत चार बोटं कमी,” मेईर म्हणाला. जेरीकॅनमध्ये बुडवलेली ओली काडी त्यानं ओफ्रासमोर धरली. “जेवणाआधी इथवर होतं, आणि तेव्हापासून पेला वाटलेला नाही. बघ.”

पेसाह सणाच्या सुट्टीत ओफाकिम गावची अठरा मुलं वाळवंटात तीन दिवसांच्या पायी सहलीला आली होती. बेझालेलकाका म्होरके. ते सैन्यात होते तेव्हा तिथे कमी पाण्यावर राहायची सवय लावत. म्हणून इथेही तोच नियम: तासाला एक पेला, वर थेंब नाही. आणि कोणीतरी चोरून पीत होतं.

“काकांना सांगू या का?” ओफ्रानं विचारलं.

“म्हणजे ते सगळ्यांचाच पेला अर्धा करतील. शहाणीच आहेस. आपणच पकडू.”

पेसाहात पावाऐवजी खायचा कडक मात्सा डब्यात उरला होता. मेईरनं तो चुरून जेरीकॅनभोवती पसरला. सगळे बाभळीखाली आडवे झाल्यावर ही दोघं सामानाच्या गाढवामागे जाऊन बसली. थोड्या वेळानं चुऱ्यावर पाय पडल्याचा आवाज आला.

पेला तोंडाला लावून तिकवा उभी होती. ओफ्राची शेजारीण, तिच्याच वर्गातली.

“तू?” ओफ्रा म्हणाली.

तिकवानं आधी पेला रिकामा केला. मग म्हणाली, “मला सिकल सेल आहे. रक्ताचा आजार. पाणी कमी पडलं की रक्त अडतं, हाडं ठणकतात. डॉक्टरांनी सारखं प्यायला सांगितलंय.”

मेईर एक पाऊल मागे सरला. “लागतो का तो?”

“नाही रे. जन्मापासूनचा आहे. पण कोणाला सांगू नका. पुढच्या आठवड्यात हैफाहून डिनाताईला बघायला येतायत. आई म्हणते, घरात रक्ताचा आजार आहे कळलं तर तिला कोण करून घेणार?”

दोघांनी शब्द दिला.

काकांनी मात्र तुडवलेला चुरा पाहिला आणि कोणीतरी पाणी चोरतंय हे ओळखलं. दुसऱ्या दिवशी ते गाढवावरच्या जेरीकॅनला खेटूनच चालू लागले. ऊन चढलं. तिकवा मागे पडली आणि गुडघे धरून चालू लागली. सांगावं, तर दिलेला शब्द मोडतो. गप्प बसावं, तर तिकवा पडेल. काय करावं ते ओफ्राला कळेना. शेवटी ती स्वतःच वाळूत आडवी झाली.

“चक्कर येतेय, काका.”

काका घाबरले. जेरीकॅन उतरवून त्यांनी पेला भरला. “घे, पी.”

“तिकवा पाजेल. तुम्ही गाढव धरा.”

ओफ्रा तिकवाला बिलगली. काकांना दिसत होती ती तिकवाची पाठ. पाणी जात होतं तिकवाच्याच पोटात. पाच पेले झाले.

“बस,” काका चिडून म्हणाले. “एवढी नाजूक पोरगी आणलीच कशाला? पुढच्या वर्षी हिचं नाव नको.”

तिकवा उठली.

“नाजूक मी आहे. पाणी मी प्यायले. कालही मीच.” आणि तिनं आजाराचं नाव सगळ्यांदेखत सांगितलं.

दोन मुली तिच्यापासून लांब सरकल्या. मेईर येऊन तिच्या शेजारी बसला आणि तिच्याच पेल्यातून प्यायला. काकांनी जेरीकॅनचं झाकण काढून बाजूला ठेवलं. “ज्याला जेवढं हवं, तेवढं प्या. पुढच्या विहिरीवर भरू.” तिकवाला त्यांनी गाढवावर बसवलं.

सहल परतली, तेव्हा शेजारपाजारचे लोक तिकवाच्या अंगणात जमले होते. काका तिकवाच्या आईला म्हणाले, “चूक माझी होती, बाई. या तीन पोरांनी मला शिकवलं. शाबास त्यांची.”

आई तिकवाकडे वळली. “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“आणि डिनाचं काय आता?”

ओफ्राला शाबासकी मिळाली होती, पण हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं.

“किती प्यायली ही?” आईनं तिला विचारलं.

“आता वाटेत खूप. पण त्या दुपारी फक्त पाच पेले.”

“कमी आहे,” आई म्हणाली आणि आत गेली. तांब्या घेऊन ती बाहेर आली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, दारात उभी राहून तिकवाला पाणी देऊ लागली.