पुढच्या रांगेतले वाक्य

‘आज सादर होणाऱ्या सर्व एकांकिका युवा लेखकांच्या स्वतंत्र प्रतिभेची निर्मिती असून कथानके पूर्णतः काल्पनिक आहेत,’ असे निवेदिकेने जाहीर केले आणि कोल्हापुरातल्या त्या नाट्यगृहाने टाळ्या वाजवून ते मान्यही केले.

प्रतिभेबद्दल पुढच्या रांगेत बसलेल्या शाहिस्ताची तक्रार नव्हती. परंतु पडदा उघडताच तिला दिसले ते कसबा बावड्यातले स्वतःचेच घर... खुंटीवरचा दिवंगत अब्बांचा खाकी शर्टसुद्धा तोच, ‘जरा पाहिजे’ म्हणून धाकट्या भावाने घरातून नेलेला! काल्पनिक होते ते एवढेच : बहिणीसाठी कॉलेज सोडणारा भाऊ. वस्तुतः एम.ए. अर्ध्यावर टाकून नोकरी धरली होती शाहिस्ताने, आणि शिकला होता तो धाकटा अरीब, या एकांकिकेचा लेखक.

“अम्मी, हे तर माझं हाय,” ती कुजबुजली.

“गप बस की. पोराचा दिवस हाय,” शेजारी बसलेल्या रशिदाबी म्हणाल्या. “नाटकात खरं कोण बघतंय?”

आजवर तिने त्यागाचा उच्चारही केला नव्हता. परंतु जे उच्चारले जात नाही ते बेवारस ठरते आणि सापडेल त्याच्या मालकीचे होते, हा थोर न्याय तिला आजच उमगत होता...

तेवढ्यात, कॉलेज सोडल्याचे चाचांना सांगण्याच्या प्रसंगी नायक अडखळला. विंगेत संहिता धरून स्वतः अरीब उभा होता. तरी तिथून शब्द येईना. ती शांतता असह्य होत गेली, आणि कधीकाळी स्वतःच्या चाचांना ज्या आवाजात सांगितले होते त्याच आवाजात शाहिस्ता पुढच्या रांगेतून बोलून गेली,

“पुस्तकं थांबतील, चाचा. चूल थांबणार न्हाय.”

नायकाने वाक्य उचलले. मागून कोणी गृहस्थ म्हणाला, “ताईंचं पाठ हाय की ओ!” प्रेक्षागृह हसले. शाहिस्ताने मान खाली घातली.

प्रयोगानंतरच्या चर्चेत तोच गृहस्थ उभा राहिला. “लेखक पावणं, ह्यो पहिलाच प्रयोग न्हवं? मग त्या ताईंना वाक्य कसं ठावं? आणि विंगेत तुम्ही का गप?”

अरीबने माईक घेतला. अम्मी मानेने नको-नको म्हणत होत्या. तो बहिणीकडे पाहत होता. तो जे बोलला ते शब्दशः असे :

“ते वाक्य आपाचं हाय. कॉलेज तिनं सोडलं, शिकलो मी. घेणारा म्हणून लोकांसमोर उभं ऱ्हायला लाज वाटली, म्हणून नाटकात तिची जागा मी घेतली. मघाशी वाक्य समोरच हुतं... पण आपा बघत हुती. तोंडातनं निघालं न्हाय.”