नकलेचा तास

चिंचेखाली शेळ्या रवंथ करीत बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एक उंच तरुण हातात खडू धरून उभा होता.

"मशरिक म्हणजे पूर्व. मगरिब म्हणजे पश्चिम. समझे?"

शेळ्यांनी कान हलवले.

"जी हाँ," कुंपणापलीकडून उत्तर आलं.

तरुण दचकला. खडू खाली पडला, तो एका शेळीनं हुंगून पाहिला. बोरीच्या काट्यांमागे एक मुलगी उभी होती. डोक्यावर वळकटी, पाय घोट्यापर्यंत लाल मातीनं माखलेले, आणि हसू दाबून दाबून गाल फुगलेले.

"शेळ्या लाजायल्या, म्हणून मी सांगितलं," ती म्हणाली. "ट्रेनिंगची शाळा हीच का?"

"हीच." तो जरा सावरला. "धडा... कसा वाटला?"

"कुणी उठून गेलं न्हाई. म्हंजे बरा असंल."

ती वच्छला, मुडबीच्या हरिबाची लेक. आणि शेळ्यांचा मास्तर होता शिवशरण, हुलसूरच्या शिवय्या दुकानदाराचा मुलगा. निजामाचं राज्य होतं ते. शाळेत शिकवायचं ते उर्दूतून, मग मुलाच्या घरी मराठी बोलोत की कानडी. आणि परवान्याशिवाय चार पोरं गोळा करून शिकवलं तर तो गुन्हा.

वच्छला मामाकडे गुलबर्ग्याला राहून सातवी शिकली होती. मुडबीत मुलींची शाळा नव्हती. सनद मिळालेली उस्तानी, म्हणजे बाई शिक्षिका, असेल तर परवाना देऊ, असं सरकारी कचेरीतून कळलं होतं. हरिबानं लेकीला होळीपर्यंत मुदत दिली होती. सनद मिळाली तर शाळा. नाही मिळाली तर संतपूरचं स्थळ. स्थळात खोट नव्हती. फक्त पहिल्याच बैठकीत सासू होणारी बाई म्हणाली होती की आमच्या घरात कामं खंडीभर आहेत, खडूचं खूळ आम्हाला नको. त्या वाक्यानं वच्छलाची झोप उडाली होती.

कल्याणीतली ही ट्रेनिंगची शाळा अंकुशराव मास्तर चालवीत. त्यांची रीत आगळीच होती. धडा झाला की ज्यानं दिला त्यानंच उभं राहून आधी आपला दोष सांगायचा. तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा नकलेचा तास. जोडीदारानं तुमचा धडा जसाच्या तसा करून दाखवायचा, आणि तुम्ही सरावाच्या वर्गातल्या मुलांबरोबर सतरंजीवर बसून तो ऐकायचा. मास्तर म्हणत, आरशात माणूस उभा दिसतो, शिकवताना दिसत नाही.

वच्छलाची जोडी त्यांनी शिवशरणशी लावली. का, ते त्यांनाच ठाऊक. शिकायला आलेल्यांत दुसरी बाई एकच, निलम्मा अक्का. ती म्हणाली, शेळ्यांनी चुगली केली असंल.

पहिली नक्कल वच्छलाच्या धड्याची झाली. तिनं दिशांचा धडा दिला होता आणि दोष काय तर आवाज बारीक पडला, एवढं सांगून ती खाली बसली होती. दुसऱ्या दिवशी शिवशरण फळ्यापुढे आला. नसलेला पदर कमरेला खोचला. खडू चिमटीत असा धरला, जसं काही विंचू धरलाय. मग भराभरा मशरिक, मगरिब, "समझे?" म्हणाला आणि उत्तर यायच्या आत गर्रकन फळ्याकडे वळला. शेवटी फळा पुसून तो नसलेला पदर झटकला. सगळी खोली हसली. वच्छलाचे कान तापले.

पण त्याहून मोठी गोष्ट त्याच क्षणी घडली होती. "समझे?" ऐकताच सतरंजीवरच्या साऱ्या मुली "जी" म्हणाल्या, आणि त्यांच्याबरोबर वच्छलाही म्हणाली. तोंडातून आपोआप गेलं. तिनं शेजारच्या लिंगम्माला हळूच विचारलं, मशरिक कुठं गं? त्या चिमुरडीनं जरा विचार करून फळ्याकडे बोट दाखवलं.

फळा दक्षिणेच्या भिंतीला होता.

त्या संध्याकाळी विहिरीपाशी तिनं शिवशरणला गाठलं. गार वारा सुटला होता, तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या.

"एवढं बघायलाव का माझ्याकडं?"

"जोडीदाराकडं बघायचं, मास्तरांचा हुकूम हाय."

"शिकवताना बघायचा हुकूम हाय. फळा पुसल्यावर मी पदर कसा झटकते, हे कंच्या हुकमात बसतंय?"

तो पोहऱ्याकडे बघत राहिला. "ते... हुकमाच्या भाईर हाय," म्हणाला.

तिनं घागर कमरेवर घेतली आणि निघाली. वाटेत घागर डचमळली, लुगडं भिजलं, तिला कळलंही नाही.

मग पाळी तिची आली. सूड घ्यायचाच, या तयारीनं ती फळ्यापुढे उभी राहिली. त्याची लांब ढांग घेतली, प्रश्न विचारून आपणच उत्तर द्यायची त्याची खोड दाखवली. मुलं हसून लोळली. मग मान उंच केली आणि पुढच्या मुलांवरून नजर नेऊन ती मागच्या भिंतीकडे बघून बोलू लागली, कारण तो तसाच बोले. अधूनमधून थांबे, भिंतीकडे बघून किंचित हसे, पुन्हा बोले. तिनं तेही हुबेहूब केलं...

आणि करता करता तिच्या ध्यानात आलं. मागच्या भिंतीशी जोडीदार बसतो. त्याच्या धड्याला रोज ती बसे.

नक्कल तिथंच थांबली. खडू धरलेला हात तसाच वर. सतरंजीवर मुलांच्या मधोमध मांडी घालून बसलेला शिवशरण मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. कान लाल. खोलीत कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त अवघड झालं.

अंकुशरावांनी चष्मा काढून पुसला. "शिवशरण, तुझा दोष तुला दिसला का?"

"दिसला, मास्तर."

"सुधारशील?"

त्यानं दोरा सोडला आणि मान वर केली. "मुलांकडं बघायला शिकीन," म्हणाला. "बाकीचं सुधारायचं मनात न्हाई."

तेव्हा मात्र निलम्मा अक्कानं तोंडाला पदर लावला.

वेळ अमावस्येला, शेताच्या पूजेच्या सणाला, मास्तरांनी सगळ्यांना आपल्या शेतावर नेलं. ज्वारी डोक्याइतकी उंच, कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून पुजलेले पाच दगड, भज्जीचा आणि आंबिलीचा वास. जेवणं झाली. सगळे बांधावर पांगले. करडईच्या फुलांशी ती दोघं उभी राहिली, मध्ये एक हात अंतर राखून. वच्छलानं त्याला संतपूरचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. स्थळ कसं आहे ते विचारलं नाही. एवढंच विचारलं की सनद मिळंल ना?

"मिळवणार," ती म्हणाली. "तुमी शेळ्यास्नी उर्दू शिकवताव, मी मुलींस्नी समजावणार. बघू कुणाचं जास्त चालतंय ते."

"माझ्या शेळ्या हुशार हायत."

"मास्तरवर गेल्या न्हाईत म्हणून."

तो इतका मोकळा हसला की पलीकडच्या ज्वारीतले पारवे उडाले. तिला वाटलं, हे हसू आपण दुसऱ्या घरी गेल्यावर कुठून ऐकणार? आणि हा विचार आल्याचा तिला रागच आला.

होळीच्या तोंडावर शेवटचे धडे झाले. तपासायला शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. शेरवानी, टोपी, बोलणं अदबीचं. वच्छला मुलींच्या वर्गावर उभी राहिली. या वेळी तिनं "समझे?" एकदाही विचारलं नाही. तिनं लिंगम्माला विचारलं, तुझ्या घरी सकाळचं ऊन कंच्या भिंतीवर पडतं? लिंगम्मानं हात करून दाखवलं आणि कानडीत म्हणाली, मूडल. दुसरी म्हणाली, आमी त्याला उगवत म्हणताव. तिसरीनं दार उघडून बाहेरच दाखवलं. मुली उठल्या, भांडल्या, दिशा नक्की केली. मग वच्छलानं सांगितलं की याच बाजूला उर्दूत मशरिक म्हणायचं. या खेपेला कुणी फळ्याकडे बोट केलं नाही.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, धडा उर्दूत द्यायचा कायदा आहे. तुमच्या शाळेत आपला दोष आपण सांगायची पद्धत आहे ना? मग उस्तानीनं सांगावं की देशी बोलीत शिकवलं हा दोष झाला. मी सही करतो. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली.

वच्छला उभी राहिली. तिला मुडबीच्या मुली दिसल्या, कडेवर भावंडं घेतलेल्या. एक वाक्य बोललं की शाळा.

"दोष दोन झाले," ती म्हणाली. "मागच्या मुलींकडं उशिरा वळले. मगरिब घाईत उरकलं. पोरींच्या बोलीत बोलले, तो दोष न्हाई. न बोलते तर झाला असता."

नुसतं म्हणायचंच तर आहे, साहेब पुन्हा म्हणाले. आवाज खरोखरच मायेचा होता.

"नुसतं म्हणायचं असतं तर म्हणले असते, साहेब. पण हितं आमाला आपला दोष शोधायला शिकवलंय. तुमाला आवडंल तो न्हाई."

साहेबांनी लेखणी पुसून ठेवली.

नंतर शिवशरण मुलांच्या वर्गावर गेला. हुलसूरच्या सरकारी शाळेतली जागा त्याच्यासाठी जवळजवळ ठरली होती. त्याचं उर्दू असं की साहेबांची मान डोलू लागली. शुमाल म्हणजे उत्तर, जुनूब म्हणजे दक्षिण, झटझट. मुलं जोरात "जी" म्हणाली. आता दोष, साहेब हसून म्हणाले, असेल तर.

"एकच हाय," शिवशरण म्हणाला आणि मुलांकडे वळला. "शुमाल कुठं हाय, बोटानं दाखवा."

बोटं दाही दिशांना गेली. एक थेट साहेबांच्या टोपीकडे.

"हा तो दोष," शिवशरण म्हणाला.

त्या दिवशी दोघांनाही सनद मिळाली नाही.

वच्छला रागारागानं त्याला शाळेमागं भेटली. "कुणी सांगितलं हुतं माझ्यासंगं बुडायला? मी काय हात मागितला हुता?"

"तुमच्यासंगं न्हाई बुडलो. माझा मी बुडलो." त्याचा चेहरा उतरला होता, पण डोळे थेट तिच्याकडे होते. "तुमच्यासाठी केलं म्हणलो तर खोटं हुईल. दोष हुता. दिसला. मग झाकायचा कसा?"

तिचा राग त्याच वाक्याशी विरला. तिच्यासाठी कुणी नोकरी सोडली असती, तर ते ओझं तिला जन्मभर वाहावं लागलं असतं. हा माणूस स्वतःच्या खरेपणासाठी रिकामा झाला होता. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? पण त्यानं अजून विचारलं कुठं होतं...

"मग माझ्यासाठी काय करताव?"

"मुडबीला येतो. तुमच्या अप्पास्नी विचारतो."

"अप्पास्नी कामून? मला विचारा."

शिवशरणनं हाताला लागलेला खडू झटकला.

"वच्छला... मी हवा का तुला?"

"व्हय," ती म्हणाली. "आता विचारा अप्पास्नी खुशाल. पण व्हय म्हणायला मी त्यांची वाट बघितली न्हाई, हे ध्यानात ठेवा."

तिसऱ्या प्रहरी हरिबा लेकीला न्यायला गाडी घेऊन वेशीपाशी आला. तिनं सनद मिळाली नाही हे सांगितलं. शाळा तरी काढणार हे सांगितलं. आणि हा शिवशरण, याच्याशी लग्न करणार, हेही सांगितलं, त्याच दमात.

हरिबानं शिवशरणच्या कपाळावरची विभूती बघितली. "लिंगायताचं पोर तू. आमच्या घरात वशाट-मटण चालतं."

"मी खात न्हाई. खाऊ नका म्हणणार बी न्हाई."

"घरी सांगितलंस?"

"आज सांगणार. आमचे अप्पा दारात उभं करणार न्हाईत. तरी सांगणार, आनि उद्या मुडबीला येणार."

हरिबानं तंबाखू मळली, खाल्ली नाही, वाऱ्यावर सोडली. मग लेकीकडे वळला. "बिनपरवान्याची शाळा. शिपाई आले तर?"

"येऊ द्या. एकीला नेतील. दुसरा शिकवंल. त्याला नेलं तर मी हायच."

हरिबा दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. शेवटी त्यानं कासरे हातात घेतले.

"पंचमीला संतपूरचे सुपारी घेऊन यायलेत," तो म्हणाला. "त्यास्नी काय सांगू?"

वच्छला गाडीत चढली आणि बापासमोर, साऱ्या कल्याणीच्या वेशीसमोर, तिनं शिवशरणचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांगा," ती म्हणाली, "पोरगी शाळेला गेली."