डाव्या खिडकीखालचा डाग

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकू नका, ओल आहे. तुम्ही इथं नवे, झोप लागणार नाही. म्हणून एक गोष्ट सांगतो. पदरचं काही घालणार नाही. फक्त मधेच उठू नका, एवढंच मागणं.

मी गाड्या धुणारा. दोन पत्र्याच्या शेड, एक टाकी, आणि पाण्याला असा जोर की चिखल सालीसारखा निघावा. हात पाण्यात, कानात दिवसभर कीर्तन. त्यावरून माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा मला ‘बुवा’ म्हणायचा. हे माझे दाजी ॲपवर टॅक्सी चालवायचे. प्रवाशानं गाडी घाण केली की त्यांनी फोटो काढायचा, मी धुवायचं आणि पावती फाडायची. फोटो आणि पावती कंपनीला पोचली की त्या प्रवाशाच्या खात्यातून सफाईचे पैसे आपोआप कापले जात. बहुतेक वेळा उलटी, कधी सांडलेली कॉफी. साधं काम.

एका सकाळी दाजींनी मागचं दार उघडून दाखवलं.

“सख्ख्या भावांनी मारलाय. त्याच दोघांनी त्याच्या फोनवरून गाडी बोलावली, उचलून आत कोंबला आणि म्हणाले, हॉस्पिटल. पोचेपर्यंत संपला.”

डाव्या खिडकीखाली ताटाएवढा डाग होता. त्यातून एक शेपटी निघून बेल्टच्या कुलपापर्यंत गेली होती. काचेवर तीन बोटं.

“मेलेल्या माणसाकडून पैसे मागणार, दाजी?”

“मग काय त्याच्या भावांकडून मागू? खातं त्याचं, रक्त त्याचं.”

रक्ताला गरम पाणी चालत नाही, गार लागतं. मी तिसऱ्यांदा गार पाणी मारत होतो तेव्हा त्यांच्या फोनवर निरोप आला. पैसे कापले गेले होते.

पुढच्या महिन्यात एका न्हाव्याशी दाजींचं वाजलं. तो उतरताना दार आपटून गेला. दाजींनी तोच जुना फोटो थोडा कापून त्याच्या नावावर पाठवला.

“पावती दे रे, बुवा. जरा चटका बसू दे त्याला.”

मी दिली. कोरड्या गाडीची पावती. वर हसलोसुद्धा.

चार दिवसांनी, भर दुपारी, तो न्हावी त्याच सीटवर आडवा होता. दुकानाची काच फुटून मानेत घुसली होती आणि लोकांनी अडवलेली पहिली गाडी निघाली दाजींची. तो वाचला नाही. पावतीसाठी दाजींनी मला पाठवलेला तो फोटो मी माझ्या फोनवर काढून डागाशेजारी धरला. ताट, शेपटी, तीन बोटं. शेपटीला मधे जो बाक होता, तोसुद्धा तसाच.

“सीट तीच, उतार तोच,” दाजी म्हणाले. “रक्त काय डोंगर चढून जाणार आहे?”

मला पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.

मग एक शिक्षिका. तिनं उतरल्यावर ॲपवर दाजींना पाचपैकी एकच तारा दिला. पुन्हा तोच फोटो, पुन्हा माझी पावती. आठवडा व्हायच्या आत तिच्या नवऱ्यानं तिला भर चौकात भोसकलं. चौक आमच्या शेडपासून हाकेवर. लोकांनी तिला दाजींच्याच गाडीत घातलं आणि दाजींनी मला मदतीला आत ओढलं. मी तिच्या पोटावर गाडी पुसायचं फडकं दाबून बसलो. ते भिजून गरम झालं. तिनं डोळे उघडले, माझ्या छातीवरचा धुलाईचा बिल्ला वाचला आणि कुणी हिशेबातली चूक दाखवावी तसं सावकाश म्हणाली, “मी आधीच भरलेत.”

त्यानंतर मी पावत्या बंद केल्या. पण सही केलेल्या दोन कोऱ्या पावत्या दाजींकडे पडून होत्या, हे माझ्या ध्यानातून गेलं.

आता चालकांची एक खोड सांगतो. दिवसाच्या ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की कंपनी बक्षीस देते. एक-दोन कमी पडल्या की हे बायकोच्या फोनवरून स्वतःचीच गाडी बोलावतात आणि रिकामी फिरवून आणतात. दाजींनी तेच केलं. मग आधी उतरलेल्या एका दारुड्यावर फोटो लावायला गेले आणि घाईत बोट पडलं शेवटच्या फेरीवर.

ताईचा फोन आला. हसत होती.

“अरे, तुझ्या दाजींनी मलाच दंड लावला. घरात भाजी निवडता निवडता मी म्हणे गाडी घाण केली.”

माझ्या हातातली नळी जमिनीवर पडून सापासारखी वळवळू लागली.

“ताई, त्या गाडीत बसू नकोस.”

“का रे?”

मी तिचा फोन ठेवला. कंपनीला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “पैसे जमा झालेत, सर. तक्रार मिटली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दाजी गाडी घेऊन आले.

“चकाचक कर. तुझ्या ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय.”

“दाजी, पाया पडतो. चालत जाऊ दे तिला.”

“तिचे गुडघे बघितलेस? कीर्तनं ऐकून ऐकून तुला भुतं दिसायला लागली, बुवा.”

मी पाणी मारत राहिलो आणि विचार करत राहिलो. फेरी ताईच्या नावावर होती. पण त्या वेळी गाडीत बसलं होतं कोण? एकटे दाजी. मग रक्त दाजींचं असू शकतं. असायलाच हवं. इतका स्वच्छ विचार मी जन्मात केला नव्हता.

“दाजी, डावीकडची शिवण उसवलीय. मागे बसून बघता का?”

ते बसले. वाकले.

चाकाचा पाना माझ्या हातात होता.

पहिल्या घावाला ते “बुवा” म्हणाले.

दुसऱ्याला सीटवर कोसळले. तिसऱ्याला कवटी आत गेली. ओल्या लाकडासारखा आवाज झाला.

मी फोन काढून शेजारी धरला.

डाग जुळत नव्हता.

रक्त उजवीकडे, उताराविरुद्ध चाललं होतं. तिथून खाली, पायपुसणीवर. डाव्या खिडकीखालचं कापड कोरडं. मी त्यांना केसांना धरून तिकडे ओढलं, डोकं त्या जागेवर दाबलं. कापड भिजेना. त्यांची तीन बोटं रक्तात बुडवून काचेवर टेकवली.

काच स्वच्छ राहिली.

पोलीस मला घेऊन आले, ते तेव्हापासून मी इथं आहे. ताई दर आठवड्याला भेटायला येते. मी तिचा नवरा मारला, तरी येते. जाळीपलीकडे बसते, का म्हणून विचारत नाही. मागच्या खेपेला तिच्या नाकात कापूस होता.

“ऊन लागलं असेल,” म्हणाली. “येताना टॅक्सीत डाव्या खिडकीशी बसले होते, रक्त थांबतच नव्हतं. टॅक्सीवाला भला माणूस, स्वतःचा टॉवेल अंथरून दिला. सीट नवीन आहे म्हणाला.”

आज तिचा यायचा वार होता. भेटीची वेळ सरून आता पार रात्र झाली. तुमचा देव कुठला ते मी विचारत नाही, पण त्याच्यापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या ताईची आठवण ठेवा.