आठशे बारावर थांबलेली फियाट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल दिसली की मी पलंगावर चढते. दारावर कुणी जोरात थाप मारली की मी आतल्या खोलीत पळते. मग त्या सकाळी बाबांच्या कोऱ्या फियाटमध्ये एकटीनेच जाऊन बसायचं धाडस मला कसं झालं, देवच जाणे!

त्र्याहत्तर सालचा जानेवारी होता. सात वर्षं नंबर लावून ठेवल्यावर आदल्याच दिवशी गाडी मिळाली होती आणि धंतोलीतल्या आमच्या घरापुढे उभी होती. आत नव्या रेक्झिनचा वास होता, किल्लीही लावलेलीच होती. मी ती फिरवली... अगदी नुसती! पाय कुठेतरी दाबला गेला आणि गाडी जी किंचाळली! मी घाबरून पाय आणखीनच दाबला. तेवढ्यात खिडकीतून एक हात आत आला, माझ्या हनुवटीला ओझरता लागला आणि त्याने किल्ली बंद केली.

"काहून जीव घेऊन राहिल्या तिचा?"

सावळा, उंच, निळ्या शर्टातला एक अनोळखी तरुण खिडकीत वाकला होता. रागावला होता, पण डोळे हसत होते.

"मी... मी काही नाही केलं!"

"गार इंजिनाले असं ओरडवत नाहीत. नवं हाय ते. आतले पार्ट अजून एकमेकांले ओळखत नाहीत. हळूहळू घासून जमते त्याहीचं. हजार किलोमीटर सबुरी ठेवा लागते."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर जनमभर कुरकुर करते." मग जरा थांबून, "मानसासारखीच..."

मी दार उघडून सरळ घरात पळाले. छाती धडधडत होती. इंजिन बिघडलं असेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

तो रुपराव. सावनेरचा, डिप्लोमा झालेला, सदरच्या एका वर्कशॉपमधला मेकॅनिक. गाडीचं रनिंग-इन, म्हणजे पहिले हजार किलोमीटर, नीट व्हावं म्हणून बाबांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. माझे बाबा दत्तोपंत वकील, त्यामुळे घरात नियम फार. हजार किलोमीटर होईस्तोवर चाळीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगाने रेटायचं नाही. चढावर ताण द्यायचा नाही. इंजिनावर भार नको म्हणून ते स्वतः कोर्टात सायकलरिक्षाने जात! गाडीत फक्त रविवारी बसत. रोज सकाळी तासभर रुपरावने गाडी फिरवायची आणि जाता जाता मला शिकवायचं, असं ठरलं. सोबतीला मागच्या सीटवर जिजाआत्या. ती माझ्याहून भित्री. गाडी फाटकाबाहेर पडली की ती डोळे घट्ट मिटायची आणि रामरक्षा म्हणायची, ते घर आल्यावरच उघडायची.

"क्लच सोडा. हळू... हळू... अंड्यावर पाय ठेवल्यासारखा."

"बैल आला! समोर बैल आला!"

"त्यालेही भेव वाटून राहिलं. त्यानं पाह्यलं ना, कोन चालवून राहिलं ते!"

मी हसले, आणि हसताना गिअर अलगद पडला. त्या दिवसापासून मला सकाळची वाट पाहायची सवय लागली. कोराडीच्या रस्त्यावर धुकं असायचं. गाडी कधी तिशीवर, कधी चाळिशीवर, कधी पुन्हा विशीवर. नव्या इंजिनाला असा बदल लागतो, तो सांगायचा. सांगता सांगता माझ्याकडे बघायचा आणि पटकन रस्त्याकडे मान वळवायचा.

पण मीटरवरचे आकडे सरकत होते. पाचशे... सहाशे... सातशे ऐंशी. हजार झाले की काचेवरची 'रनिंग इन'ची चिठ्ठी निघणार होती, आणि मग रुपराव आमच्याकडे कशाला येईल? मी वकिलाची एम.ए. झालेली मुलगी, तो सावनेरच्या शेतकऱ्याचा मेकॅनिक मुलगा. कुठल्या निमित्ताने भेटणार होतो आम्ही? रात्री मला झोप लागेना. इतकी भीती मला पालीचीही कधी वाटली नव्हती.

एकदा त्याने मीटरच्या मागे हात घालून दाखवलं होतं, "हे केबल. चाकं किती फिरली हे ह्याच्यातून मीटरले कळते." आठशे बारा झाले त्या रविवारी दुपारी घरात सगळे झोपले होते. मी गाडीत शिरले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि केबलची चकती फिरवून ती मोकळी केली. हात घामाने निसटत होता. मी! जिला साधं उदबत्तीचं घर सरळ करता येत नाही!

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली आणि माझं काळीज थांबलं. आकडे थांबतील एवढंच मला कळलं होतं. वेगाचा काटाही त्याच केबलवर चालतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडी पळत होती आणि काटा शून्यावर निपचित पडला होता.

रुपरावने काट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी जीव मुठीत धरून बसले.

"आज काट्याकडे पाहू नका," तो इतकंच म्हणाला. "आवाज ऐका. हा तीसचा... आता ऐका, हा चाळीसचा. ओळखू येते ना?"

"येतो..." मी पुटपुटले. त्याला काही कळलंच नाही, असं मी समजले. सहा दिवस आम्ही आवाजावर गाडी चालवली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात भीतीचे सहा दिवस!

रविवारी बाबा गाडीत पुढे बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

"गेल्या रविवारी आठशे बारा. आज आठशे बारा." आवाज कोर्टातला होता. "रुपराव, काटा बंद पाडून किती वेगाने पळवलीस गाडी? ऐंशीने? सात वर्षं थांबलो मी ह्या इंजिनासाठी!"

"नाही पळवली, साहेब."

"मग मीटर बंद कोणी पाडलं? जिजा, तू सांग."

"मी मेली काय सांगू? मी कधी डोळेच उघडले नाहीत!"

रुपरावने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "केबल माह्याच हातून ढिली राहिली असंल, साहेब."

"उद्यापासून येऊ नकोस. आणि तुझ्या मालकालाही सांगतो, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या गाडीला तुला हात लावू देणार नाही."

बाबा तरातरा घरात गेले. फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. एक आकडा... दुसरा... बोलले तर घरात काय होईल? माझं गाडी शिकणं, फिरणं, सगळं बंद होईल. कदाचित महिन्याभरात कुठेतरी लग्न लावून देतील. नाही बोलले तर ह्याची भाकरी जाईल, आणि नावही. तिसरा आकडा फिरला...

मी धावत जाऊन फोनवर हात ठेवला.

"मी काढली केबल."

"तू?"

"हजार होऊ नयेत म्हणून. हजार झाले की तो यायचा बंद होईल, म्हणून..." पुढे मला बोलवेना. मी बाबांसमोर लहान मुलीसारखी रडायला लागले.

बाबा मागोमाग आत्यासोबत दारात येऊन उभ्या राहिलेल्या रुपरावकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी समजलं, साहेब. पन गाडी चाळीसच्या वर नाही नेली. रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजून हिशेब ठेवला. खरे नऊशे सत्त्याण्णव झाले. हजारावर ऑइल बदला लागते, त्याले उशीर नाही झाला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

मला शिकवताना कधीच न डगमगलेला रुपराव आता माझ्याइतकाच घाबरला होता. "मलेही हजार नव्हते होऊ द्याचे..."

बाबांनी रिसीव्हर खाली ठेवला. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

"सावनेरला तुझे वडील घरी कधी असतात?" त्यांनी विचारलं.

"बाजाराचा दिवस सोडून कवाही, साहेब."

"त्यांना सांगून ठेव. दत्तोपंत वकील येणार म्हणावं." आणि ते आत निघून गेले. आत्याही त्यांच्या मागे गेली, पण जाताना तिने, देव तिचं भलं करो, दार ओढून घेतलं.

"तुमचं भेव गेलं का?" रुपरावने हळूच विचारलं.

"नाही... आणखी वाढलं. तुमचे वडील नाही म्हणाले तर?"

"मलेही तेच वाटून राहिलं." त्याने ऑइलने काळे झालेले हात आपल्या स्वच्छ शर्टालाच पुसले आणि माझा हात धरला. दोघंही सारखेच घाबरलेलो होतो, पण हात मात्र कुणीच सोडला नाही.