खडूच्या खुणेवरचा काटा

"माझ्या मुलीला कुणीतरी मारायला टपलंय."

खुर्ची पुढे केली होती, पण बाई बसायच्या आधीच बोलल्या. भाऊजींनी हातातली कपबशी घाईघाईने टेबलावर ठेवली.

खासगी तपासाचं हे ऑफिस वहिनींचं. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता त्यांची नजर इतकी तयार झाली होती की नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची, बॅग सांभाळायची आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा, ही कामं ते मनापासून करत. जिन्यात कुणी खाकरलं तरी दचकणारा हा माणूस या धंद्यात कसा टिकला, हे एक कोडंच होतं.

"बसा. आणि पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

बाई हायस्कूलच्या पालक समितीच्या अध्यक्ष होत्या. या शाळेच्या नाटकात मुलं फक्त अभिनय करत, बाकी सगळं पालक करत. कपडे शिवणं, देखावे रंगवणं, पडदा ओढणं, सगळं. बाईंची मुलगी ठकू यंदा चांदणी झाली होती. झोपाळ्यावर बसून तिने आकाशात जायचं आणि तिथून हळूहळू खाली उतरायचं.

"झोपाळ्याचा दोर छतातल्या कप्पीवरून जातो," बाई सांगू लागल्या. "एका टोकाला ठकू, दुसऱ्या टोकाला तिच्याच वजनाची वाळूची पिशवी. दोन्ही सारखं असलं की माणूस हलक्या हाताने दोर ओढू शकतो. म्हणून प्रत्येक तालमीआधी तिला काट्यावर उभं करून वाळू तेवढीच भरतात. कालही भरली. पण खिट्टी काढली आणि झोपाळा सुसाट वर गेला हो! तुळईवर खांदा आपटला. डोकं थोडक्यात वाचलं."

"म्हणजे पिशवी जड झाली होती!" भाऊजी ओरडले. "वजन झाल्यावर कुणीतरी वाळू वाढवली!"

"तेच म्हणते मी! मधे पाच मिनिटं मिळाली ना त्याला. डॉक्टरीणबाईंनी शिवलेला नवा झगा कालच आला. ठकू नको म्हणत होती, जुनाच बरा म्हणून रडलीसुद्धा. मीच दटावलं. ती झगा बदलून आली, झोपाळ्यावर बसली, आणि..."

"नंतर पिशवी तोलून पाहिली?"

"लगेच. बरोबर होती. तेवढ्या गोंधळात त्याने जादा वाळू काढूनही घेतली! किती बेरकी असेल! उद्या प्रयोग आहे आणि ठकू म्हणते, मी झोपाळ्यावर बसणारच. ऐकतच नाही माझं." बाई पुढे झुकल्या. "उद्या तिचं डोकं आपटलं तर?"

भाऊजींच्या अंगावर काटा आला. वहिनींनी मात्र पर्स उचलली आणि त्या निघाल्या.

शाळेचा हॉल दुपारी रिकामा होता. खुर्च्यांच्या रांगा, रंगाचा वास, आणि वरती काळ्या तुळया. झोपाळा अजून अर्ध्यावर लोंबत होता. भाऊजींनी वर पाहिलं आणि पटकन नजर खाली घेतली.

वहिनींनी पंखा लावला. त्याबरोबर रंगमंचाच्या पडद्याची डावीकडची कड जमिनीपासून उचलली गेली, खाली पडली, परत उचलली गेली.

"वहिनी!" भाऊजींची दातखीळ बसायचीच बाकी होती. "पडद्यामागे कुणीतरी आहे!"

वहिनी सरळ चालत गेल्या आणि पडदा बाजूला केला. मागे कुणी नव्हतं. त्या खाली वाकल्या, डाव्या भागाचा काठ बोटांनी चाचपला, मग उजव्या भागाचा. उजवा भाग पंख्याच्या वाऱ्यात ढिम्म हलत नव्हता.

"काय सापडलं?" भाऊजींनी दुरूनच विचारलं.

"वारा," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी एकेकाला बोलावून घेतलं. पहिले आले गॅरेजवाले. दोर आणि कप्पी त्यांच्याकडे. त्यांचीच मुलगी ठकूची बदली कलाकार होती, म्हणजे ठकू पडली की चांदणीचं काम तिला. भाऊजींनी मनातल्या मनात त्यांना बेड्या घालून टाकल्या.

"सगळे माझ्याकडेच बघतायत, कळतं मला," गॅरेजवाले म्हणाले. त्यांचे दोन्ही तळवे सोलवटले होते. "दोर धरून ठेवला म्हणून हे झालं. सोडला असता तर पोरगी छत फोडून गेली असती."

"वजन तुम्हीच करता?"

"मीच. हा बघा काटा." कोपऱ्यात धान्याच्या दुकानात असतो तसा मोठा तबकडीचा काटा होता. तबकडीवर खडूची एक रेघ. "पहिल्या दिवशी सुई रेघेच्या बरीच पुढे पळाली. आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, अगं, चांदणी कसली, अख्खा चंद्र आहेस! जरा हलकी हो, नाहीतर आमचे खांदे निखळतील. पण पोरगी शहाणी. थोड्याच दिवसांत रेघेवर आली, आणि तेव्हापासून रेघेवरच. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. कालसुद्धा."

"तुमची मुलगी काय म्हणते?"

"ती काय म्हणणार! ती आणि ठकू एका बाकावर बसतात. आमचीच गोल होत चाललीय. एवढुसा डबा नेते, देव जाणे कशी."

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर, पण शिवणाचा भारी शौक. त्यांचं दुःखच निराळं होतं.

"झगा सैल झाला हो! खांद्यातून उतरत होता. तालमी सुरू झाल्या तेव्हा मी स्वतः माप घेतलं होतं. चुकलं कसं माझं? मला वाटलं, एकदा जुन्या झग्याशी ताडून पाहावं, तर ठकू त्याला हातच लावू देत नाही. स्वतःच घरी नेते, स्वतःच धुते."

"नव्या झग्यात परत वजन का केलं नाही?"

"कापड तेच, घेर तोच. वजनात काय फरक पडणार?"

शेवटी नाटकाच्या बाई, म्हणजे नाटक बसवणाऱ्या शिक्षिका, आल्या. त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती.

"माझा नियम कडक आहे," त्या म्हणाल्या. "रेघेच्या वर गेली तर कप्पीला जड. आणि रेघेच्या खाली गेली तर मी घरी पाठवणार. मागे एक मुलगी उपाशीपोटी तालमीला आली आणि चक्कर येऊन मंचावरून पडली. अशक्त मूल मी झोपाळ्यावर बसवणार नाही. सगळ्या मुलींना हे माहीत आहे."

तेवढ्यात ठकू आली. अंगात दोन स्वेटर, खांद्यावर दप्तर. दुखऱ्या खांद्याकडे पाहून भाऊजींना कणव आली.

"आण बेटा, मी धरतो," म्हणत त्यांनी दप्तर घेतलं आणि त्यांचा हात खाली गेला. "बापरे! दगड भरलेस का?"

ठकूने दप्तर हिसकावून घेतलं. त्या मुलीच्या नजरेत इतकी भीती होती की भाऊजी दोन पावलं मागे सरले. मारेकऱ्याला घाबरणारी माणसं त्यांनी पाहिली होती. ही मात्र त्यांनाच घाबरत होती.

वहिनींनी ठकूला बाजूला नेलं. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने ठकूने मान हलवली, आणि वहिनींनी सगळ्यांना मंचासमोर बसायला सांगितलं. ठकू वहिनींच्या शेजारी बसली, दप्तर छातीशी घट्ट धरून.

"नाव सांगा त्याचं," ठकूची आई म्हणाली. "इथेच सांगा."

भाऊजींनी गॅरेजवाल्यांच्या आणि दाराच्या मधे उभं राहायचं ठरवलं, मग विचार बदलून खुर्चीमागे उभे राहिले.

"पिशवीला कुणी हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "अपघाताआधी ती बरोबर होती, अपघातानंतरही बरोबर होती. मधे कुणी वाळू घातली आणि सगळ्यांच्या देखत काढली, हे मानायला जादूगार लागतो. पिशवी तीच राहिली, हे मानायला काहीच लागत नाही."

"मग झोपाळा वर गेला कसा?" गॅरेजवाले म्हणाले.

"झोपाळ्याला टोकं दोन. तुम्ही सगळे एकाच टोकाकडे बघत बसलात. पिशवी जड झाली नाही, तर दुसरं टोक हलकं झालं. वजन आणि अपघात यांच्यामध्ये एकच गोष्ट बदलली. जुना झगा गेला, नवा आला."

"पण कापड तर तेच!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कापड तेच. आतलं सामान वेगळं." वहिनी मंचाकडे वळल्या. "पडदा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवलेले असतात. उजव्या भागात आहेत. डाव्या भागाची शिवण उसवलेली आहे, म्हणून तो उडतो. दाखवतेस का, बाळ?"

ठकूने दप्तर उघडलं. जुना झगा बाहेर काढून वहिनींनी तो काट्यावर ठेवला. काठातलं शिसं ठणठणलं. एका झग्याने सुई जिथवर नेली, ते पाहून गॅरेजवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वाढत्या वयाच्या मुलीचं वजन महिनोन् महिने केसभरही हलत नाही, असं कधी होतं का?" वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, तुमचं माप चुकलं नव्हतं. मुलगी मापातून निसटत गेली. डबा रोज रिकामा परत येत होता, पण तो खात होती बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण. ठकू रेघेपर्यंत आली, आणि मग तिला थांबताच येईना. रेघेखाली गेल्याचं कळलं तर चांदणी जाणार, आणि घरीही सगळं उघडं पडणार. म्हणून जेवढी ती कमी होत गेली, तेवढं शिसं झग्यात वाढत गेलं. नवा झगा आला तेव्हा ती उगाच रडली नाही. काय होऊ शकतं ते इथे फक्त तिलाच माहीत होतं, आणि तरीही ती झोपाळ्यावर बसली. खरं सांगायची भीती तिला त्याहून मोठी वाटली."

"मी तर गमतीत म्हटलं होतं," गॅरेजवाले पुटपुटले. "सगळेच हसलो होतो. तिची आईसुद्धा."

नाटकाच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

ठकूची आई उठली. ती रागावेल असं भाऊजींना वाटलं, पण तिने ठकूसमोर गुडघे टेकले आणि एकावर एक घातलेले ते दोन्ही स्वेटर काढले. मग, लहानपणी उचलायची तसं, दुखरा खांदा सांभाळत, तिने मुलीला काखेत हात घालून उचलायला जोर लावला. तेवढा जोर लागलाच नाही. ठकू अलगद वर आली आणि आई तोल जाऊन मागे सरकली.

आईच्या तोंडून निघालेला तो आवाज भाऊजी पुढे कितीतरी दिवस विसरू शकले नाहीत.

"आई, मला जेवायचंय गं," ठकू तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली. "पण जेवताच येत नाही आता. मला फार भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरली. आणि त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "हॉस्पिटल. आत्ता."

भाऊजी किल्ल्या घेऊन पळत सुटले. मागून आई येत होती. कुणी हात पुढे केला तरी ती मुलीला कुणाकडेच देत नव्हती.